बोटीच्या तळातली तीन नाणी

पेटेलोला माती देऊन झाली, थडग्यावर पसरलेली पांढरी खडी अजून नीट बसलीसुद्धा नव्हती, तोवर बेटानं गुन्हेगार शोधून ठेवला होता. बूच. ॲल्युमिनियमच्या बोटीला मागे तळाशी एक भोक असतं, किनाऱ्यावर आल्यावर आतलं पाणी सोडून द्यायला. समुद्रात जाण्याआधी त्यात बूच दाबून बसवायचं काम पेटेलोच्या मुलाचं, कालेपोचं होतं. बोटीत पाणी भरलं, बूच जागेवर नव्हतं, बाप गेला. सगळं सरळ होतं आणि सरळ गोष्ट कोणाला आवडत नाही?

झालं होतं ते एवढंच. कुपा माशांच्या थव्यामागे बाप-लेक प्रवाळाच्या बाहेर खूप लांब गेले होते. बोटीच्या फळ्यांखालून पाणी वर यायला लागलं, इंजिन बंद पडलं. दुपारभर दोघं पाणी उपसत राहिले आणि उपसता उपसता पेटेलोच्या छातीत कळ आली. दुसऱ्या बोटी पोचल्या तेव्हा कालेपो अर्ध्या बुडालेल्या बोटीला एका हाताने धरून पाण्यात होता आणि दुसऱ्या हाताने बापाचं डोकं वर धरून होता. ते डोकं वर धरण्यात आता काही अर्थ नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

बुचाबद्दल त्याला विचारलं, तर तो काहीच बोलला नाही. गप्प राहणारा माणूस दोषी, हे सगळीकडे असतं तसं पॅसिफिकमधल्या या टोकेलाऊतही आहे.

पण बुचाचं नाव पहिल्यांदा कोणी काढलं? तर लेपेकानं. पेटेलोची मोठी बहीण, कालेपोची आत्या. प्रेत चटईवर होतं, बायका भोवती बसून गात होत्या, आणि कालेपो ओल्या कपड्यांनी दारात उभा होता. तिनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "बूच लावायला काय लागतं रे? दोन बोटं आणि थोडी अक्कल." गाणं थांबलं. तेवढं एक वाक्य संध्याकाळपर्यंत बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलं.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी दुःखात बोलली म्हणून सोडून दिलं असतं. पण या बेटांवर भाऊ समुद्रावर जातो आणि बहीण घरात बसते, आणि घरात बसून राज्य बहीणच करते. भावानं आणलेलं ती वाटते, भावासाठी प्रार्थना ती करते, आणि तिचा शब्द भाऊ मोडत नाही, कारण बहिणीचं मन दुखवलं तर समुद्रावर काय वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. लेपेकाच्या राज्यात तर वारासुद्धा विचारून आत यायचा. चार भाचे, दोन भाचेसुना, एक भावजय, सगळे तिच्या भुवईकडे बघून बोलायचे. तेव्हा तिनं बूच म्हटल्यावर बूचच.

आता म्हाताऱ्यांची सभा बसायची होती. ती काय ठरवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कालेपोला गावच्या पुरुषांबरोबर समुद्रावर जायची बंदी, आणि सामोआतल्या आपियाहून येणाऱ्या जहाजानं त्याची रवानगी न्यूझीलंडला, पोरिरुआमधल्या मामाकडे. तिथं तो कुठल्यातरी गोदामात खोकी उचलेल, आणि बापाला मारणारा पोरगा म्हणून त्याची कीर्ती त्याच्याआधी तिथं पोचलेली असेल. टोकेलाऊची अर्धी माणसं तिकडेच आहेत.

लेपेका बोटीकडे गेली ती नाणी आणायला.

ही तीन नाणी तिच्या वडिलांची. न्यूझीलंडच्या जुन्या पेनी, जाड, तांबूस, एका बाजूला फांदीवर बसलेला पक्षी. तिच्या आजीनं ती वडिलांच्या लाकडी होडीच्या सांध्यात काथ्यात गुंडाळून दडवली होती, मुलगा परत यावा म्हणून. मुलगा आयुष्यभर परत येत राहिला आणि शेवटी स्वतःच्या अंथरुणावर, पोटभर निरफणस खाऊन गेला. लाकडी होड्या गेल्या, पेटेलोची चकचकीत बोट जहाजातून उतरली. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सगळे जेवायला गेले, आणि लेपेका एकटी मागे राहिली. मागची फळी उचलून तिनं तीन नाणी तळाच्या घडीत शेजारी शेजारी ठेवली, वाजू नयेत म्हणून वरून केवड्याच्या चटईचा तुकडा घट्ट दाबून बसवला, आणि भावाचं नाव घेऊन प्रार्थना केली. आजीचं तिनं पाहिलेलं होतं तसंच सगळं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की त्याचा गुण जातो, असं आजी म्हणायची.

बोट बोटींच्या शेडमागे माडाखाली ओंडक्यांवर पडली होती. लेपेकानं फळी उचलली. चटईचा तुकडा भिजून काळा पडला होता. तो काढला तर खाली पांढरा लगदा, तांदळाच्या पिठात पाणी घालून कोणी थापून ठेवावा तसा. त्यात तिची तीन नाणी रुतून बसली होती, कडेला जरा हिरवी, पण पक्षी अजून स्पष्ट. तिनं पहिलं नाणं नखानं उचकटलं आणि खालून उजेड आला.

भोक नाण्याएवढंच होतं. दुसऱ्याखाली तसंच, तिसऱ्याखाली तसंच, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एक चीर गेलेली. तिनं कडेला बोट लावलं तर भिजल्या बिस्किटासारखा धातूचा तुकडा मोडून खाली वाळूत पडला. पुरुषांनी ही भोकं बघितली होती, पण बोट प्रवाळावरून ओढत आणताना पडली असतील म्हणून सोडून दिली होती. फळी उचलून आत कोणी बघितलं नव्हतं. बूच सापडलेलं असताना कोण कशाला बघेल?

नाणी लुंगीच्या गाठीत बांधून ती तिथंच बसून राहिली. कळायचं ते तिला कळलं होतं, पण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. नाण्यानं कधी बोट फाटते का? वडिलांच्या होडीला तर कधी ओरखडा आला नाही. हे कोणीतरी सांगायला हवं होतं, की असं होत नाही म्हणून.

म्हणून ती मानुएलेकडे गेली. मानुएले गावातली इंजिनं दुरुस्त करायचा. निरफणसाच्या झाडाखाली त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गंजलेल्या लोखंडाचा एक ढीग आणि त्यात बसलेला मानुएले.

"मला एक विचारायचंय," लेपेका म्हणाली.

"तू? विचारणार?" मानुएलेनं हातातला पाना खाली ठेवला. "थांब, मला आधी नीट बसू दे. तू विचारायला आलेली मी पहिल्यांदाच बघतोय ताई. आजवर सांगायलाच आलीस."

"थट्टा नकोय मला आज."

तिचा चेहरा बघून तो वरमला. "विचार."

"ॲल्युमिनियम गंजतं का?"

"आता इथं काय गंजत नाही ते विचार. ही हवाच खाते सगळं. माझ्या फ्रीजचं बघ, परवा दार उघडलं तर दार हातात आलं. बायको म्हणते, बरं झालं, आता दार उघडं टाकलं म्हणून ओरडायला नको." त्यानं ढिगातून एक खिळा काढून चुरडला, बोटं लाल झाली. "लोखंड हे असं. गंज धरतो, पोपडा पडतो, खाली पुन्हा नवं लोखंड उघडं, की ते गंजायला मोकळं. संपेपर्यंत चालू. ॲल्युमिनियम त्या मानानं शहाणं. तेही हवा लागल्याबरोबर गंजतं, पण अगदी वरवर, दिसणारही नाही इतकं. आणि तोच गंज त्याचं कातडं होतो. आतल्याला मग काही लागत नाही. म्हणून तर बोटी त्याच्या करतात."

लेपेकाच्या जिवात जीव आला. "म्हणजे त्याला काही खात नाही."

"खातं की. तांबं. पितळ म्हण, कासं म्हण, तांब्याच्या घरातलं काहीही. दोघांना एकमेकांना चिकटवून खाऱ्या पाण्यात ठेव, मग ते कातडं टिकतच नाही. ॲल्युमिनियम झिजत जातं, झिजत जातं, पांढरं पीठ होतं त्याचं. आपियाला एकानं बोटीला तांब्याचे खिळे मारले होते. दोन पावसाळ्यांत बोट चाळण."

"आणि तांब्याचं काय होतं?"

"त्याला काय धाड भरलीय? त्याच्या वाट्याचंसुद्धा दुसराच भोगतो. तांबं मजेत असतं." मानुएलेनं पाना पुन्हा उचलला. "कशाला विचारतेस पण?"

"सहज," लेपेका म्हणाली. तिचा हात लुंगीच्या गाठीवर गेला होता, तो तिनं बाजूला घेतला.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. तिनं भावाला मारलं होतं. प्रार्थना करून, चटईचा तुकडा नीट दाबून बसवून मारलं होतं. आणि मारल्यावर, प्रेताला अजून आंघोळ घातली नव्हती तेव्हाच, भावाच्या पोराकडे बोट दाखवलं होतं. पहिल्या गोष्टीला निदान अज्ञान म्हणता आलं असतं. दुसरीला काय म्हणायचं?

माणूस वाईट असतो तेव्हा फार हुशारही होतो. तिच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. कालेपो पोरिरुआला गेला तर वाईट काय आहे? सगळ्यांचीच पोरं जातात. तिथं दवाखाने आहेत, पगार आहे. इथं राहून तो करणार काय होता, बापासारखा कुप्याच्या मागे पळणार? चार वर्षांनी लोक विसरतील. नाणी काय, प्रवाळाच्या आतल्या पाण्यात भिरकावून दिली की संपलं. ती भिरकावायला एकदा किनाऱ्यावर गेलीसुद्धा. हात वर उचलला आणि तिला स्वतःची शिसारी आली. ती परत आली.

मग तिनं ठरवलं की निदान भावजयीला सांगावं. फेलिकिता दारात बसून केवड्याची पानं सोलत होती. नवरा गेल्यापासून ती सतत काहीतरी सोलत, विणत, झाडत असे. हात रिकामे ठेवायची तिला भीती वाटत होती. लेपेका समोर बसली. शब्द ओठांपर्यंत आले.

"वन्सं," फेलिकिताच आधी बोलली, "एक सांगू का? तुमची प्रार्थना होती म्हणून निदान ते हाती तरी लागले. सिआनेचा नवरा गेला तो गेलाच, तिला थडगंसुद्धा नाही. मी रोज तेवढंच म्हणते स्वतःला. वन्संच्या प्रार्थनेनं आणून दिलं."

लेपेकानं सोललेली पानं एकावर एक रचायला घेतली.

"आणि पोराचं," फेलिकिता खाली बघत म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते खरंच असेल. माझं काही म्हणणं नाही. फक्त जहाजावर बसवायच्या आधी एकदा त्याच्याशी नीट बोला. तो तुमच्या शब्दासाठी थांबलाय."

लेपेका उठली आणि घरी गेली. वाटेत तिला दोघी-तिघींनी हाक मारली, तिनं ऐकलं नाही. आयुष्यात तिनं लोकांना तोंडावर कायकाय सुनावलं होतं, आणि आज एक वाक्य तिच्या घशातून बाहेर पडत नव्हतं. आपण भित्र्या आहोत, हे तिला या वयात पहिल्यांदा कळलं.

सभा रविवारी प्रार्थनेनंतर बसली. सभाघराला भिंती नाहीत. म्हातारे आपापल्या खांबाला टेकून बसले, बायका कडेला. कालेपो मधोमध मांडी घालून, मान खाली. सगळ्यांत वयस्कर तिमोटेओनं घसा खाकरला आणि तो बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात लेपेका कडेवरून उठली आणि मधे जाऊन भाच्याच्या शेजारी बसली. असं कोणी करत नाही. तिमोटेओ थांबला.

तिनं गाठ सोडून तीन नाणी चटईवर ठेवली.

"बूच नव्हतं," ती म्हणाली. "ही होती. मी ठेवली होती, बोटीच्या तळाला, पेटेलोसाठी. यांनी बोट खाल्ली. फळी उचलून बघा, भोकं यांच्याच मापाची आहेत. पोरानं काही केलेलं नाही. मी केलंय. आणि करून वर त्याच्यावर ढकललं."

म्हाताऱ्यांनी पुढे वाकून नाणी बघितली. मग तिमोटेओ हळूच म्हणाला, "लेपेका, भावाचं दुःख मोठं असतं. माणसाला काहीही वाटतं."

"मला वाटत नाही, मी बघितलंय. मानुएलेला विचारा."

सगळ्यांच्या माना मानुएलेकडे वळल्या. तो चटईचा दोरा उपसत बसला होता. "होतं असं," तो म्हणाला. "तांबं असेल तर होतं. मी जाऊन बघितलं नाही. पण ती मला विचारून गेली होती, आणि मी आपला तोंड भरून सांगत बसलो." दोन माणसं उठून शेडकडे गेली. परत आली आणि खाली बघत आपल्या जागी बसली. त्यांच्या चेहऱ्यांवरून सगळ्यांना कळलं.

म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. पोराचा निवाडा करणं सोपं होतं. आता समोर बहीण होती, तिची प्रार्थना होती, आणि प्रार्थनेनं माणूस मेला होता. हे कुठल्या खुंटीला टांगायचं ते कोणालाच सुचेना. शेवटी तिमोटेओनं सुटकेचा रस्ता काढला. "बहिणीच्या आशीर्वादावर ही सभा निवाडा देत नाही. समुद्रानं आपला माणूस नेला. पोराचा दोष नाही. कोणाचाच नाही."

"कोणाचाच कसा नाही?" लेपेका म्हणाली. "मी सांगतेय ना."

"कोणाचाच नाही," तिमोटेओ पुन्हा म्हणाला, या वेळी जरा मोठ्यानं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मग प्रार्थना झाली. मग कोणीतरी तिच्यासमोर शहाळं आणून ठेवलं. ती उठली तेव्हा लोकांनी नेहमीसारखी वाट करून दिली. एकही जण तिला वाकडा शब्द बोलला नाही. कोणी अंगावर धावून आलं असतं, एक शिवी हासडली असती, तर तिला बरं वाटलं असतं. फक्त फेलिकितानं तिच्याकडे बघितलं नाही. ती तोंड फिरवून बसली होती, आणि तेवढंच काय ते लेपेकाला खरं वाटलं.

जहाज आलं तेव्हा कालेपो त्यावर चढला नाही. पिठाची पोती उतरवायला मात्र गेला होता. संध्याकाळी तो आत्याच्या घरी आला. दारात उभा राहिला, ती बस म्हणेपर्यंत. तिनं चहा टाकला, साखर घातली, कप त्याच्यापुढे ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"नाण्यांचं. आपियाला इंजिनाचं शिकायला गेलो होतो ना, तिथं त्यांनी हेच दाखवलं होतं. परत आल्यावर फळी धुवायला उचलली तर दिसली. भोकं नव्हती तेव्हा. नुसतं पांढरं जमायला लागलेलं."

लेपेका चुलीजवळच उभी राहिली. "मग काढली का नाहीस?"

"आजोबांची नाणी, म्हणजे तुम्हीच ठेवलेली. मी कशी काढणार? मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, हात लावू नकोस, ताईनं ठेवलंय, मी तिला विचारतो. मग तीनदा आले ते तुमच्याकडे विचारायला. दर वेळी मी परत आल्यावर विचारायचो, बोललात का? ते म्हणायचे, नाही रे, चहा पिऊन आलो. ताई खुशीत होती, म्हटलं कशाला. पुढच्या वेळी."

"आणि बूच?"

"बूच मी काढलं होतं. बोट ओढून आणल्यावर पाणी सोडायला. कुठंतरी पडलं वाळूत."

"मग सांगितलं का नाहीस? मी एवढं बोलले तुला. सगळ्यांसमोर."

"ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं." तो कपाकडे बघत होता. "बाबा म्हणाले होते, ताईला कळू द्यायचं नाही. पाण्यात असताना. शेवटचं जे बोलले ते तेच."

लेपेका खाली बसली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं नाही, रडण्याचा हक्कच संपल्यासारखं तिला झालं होतं. तांब्या-पितळेचं तिला ठाऊक नव्हतं, यात तिचा गुन्हा नव्हता. ठाऊक असलेला भाऊ तिच्या दाराशी तीनदा येऊन परत गेला होता, हा होता.

"तू न विचारता काढली असतीस तर," ती म्हणाली, "आणि मला कळलं असतं तर?"

"तुम्हीच सांगा."

तिनं खरं ते सांगितलं. "तुझ्याशी बोलणं टाकलं असतं. तुझ्या लग्नाला आले नसते."

"हो," कालेपो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

बाहेर जहाजावर जाणाऱ्या शेवटच्या बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. ते लांब जाईपर्यंत लेपेका दाराकडे बघत होती. मग ती म्हणाली, "आणखी काय आहे?"

"म्हणजे?"

"आणखी काय काय मला सांगितलेलं नाही तुम्ही लोकांनी. सांग. मी काही बोलणार नाही."

त्यानं हसल्यासारखं केलं. ती बघत राहिली. शेवटी त्यानं समोरचा कप बोटानं थोडा पुढे ढकलला. तो भरलेलाच होता.

"तुमचं पाणी," तो म्हणाला. "टाकीचं. आतून पूर्ण गंजलीय आत्या ती. पाणी येतं तो छपराचा पत्राही. मी लहान होतो तेव्हापासून. चहा लोखंडासारखा लागतो तुमच्याकडचा."

"लोखंडासारखा?"

"खिळा चोखल्यासारखा. सगळ्यांना माहितीय. बायका तुमच्याकडे येण्याआधी घरून पाणी पिऊन येतात. फादर खिडकीतून ओततात, जास्वंदीच्या मुळाशी. ती जास्वंद उगीच नाही एवढी माजली."

लेपेकानं खिडकीकडे बघितलं. जास्वंद खरोखर माजली होती. तिला या पाण्याशिवाय दुसरं पाणी माहीत नव्हतं, लहानपणापासून ती हेच पीत आली होती. प्लास्टिकची नवी टाकी सगळ्यांनी घेतली तेव्हा तिनं घेतली नव्हती, आणि ती का घेत नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

"चर्चच्या टाकीतलं पाणी घेऊन ये," ती म्हणाली.

कालेपो गेला आणि बाटली भरून घेऊन आला. तिनं दोन कप मांडले. एकात बाटलीतलं ओतलं, एकात आपल्या मडक्यातलं. आधी चर्चचं प्यायली. त्याला काहीच चव नव्हती. मग आपलं तोंडात घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला ते लागलं. जिभेवर गंज बसला, दातांना शिरशिरी आली. घोट गिळवेना. पण तिनं तो गिळला, आणि मग कप पूर्ण संपवला.

पेटेलो आयुष्यभर रोज सकाळी समुद्रावर जाण्याआधी इथं, याच जागी, दोन कप चहा प्यायचा. कप खाली ठेवायचा, तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "ताई, चहा असावा तर तुझ्या हातचा."